तळाला

विट्याच्या स्टँडसमोरच्या मेडिकलात मी कामाला आहे.
पहाटेच्या गाडीनं उतरणारी माणसं
मी नखांवरून ओळखते.
तेजाबानं पिवळी पडलेली नखं म्हणजे गलाईवाला,
म्हणजे त्रिचूर, विजयवाडा, असं कुठलंतरी लांबचं गाव,
आणि सणवार नसताना आलाय
म्हणजे आजारी.

सर्जेराव निकम चौथ्यांदा आले तेव्हा
कागद न बघताच मी सिप्रोची पट्टी काढली.
"डॉक्टर म्हणत्यात आता सुया लावू.
ही गोळी माझ्या अंगाला वळखीनाच झालीय.
पानी दे गं जरा, हितंच घेतो."

रुमालाची गाठ सोडली.
एका तळहातावर सिप्रो,
शेजारी खडूएवढी पांढरी कॅल्शियमची,
जस्ताची कॅप्सूल, लोहाची लाल.
मान मागं, एक घोट, झालं.
"भट्टीवरची सवय. येकदाच उरकायचं,
जेवाय बी टाइम नसायचा."

ती ताकदीची बाटली मीच दिली होती.
त्यांनी मागितली नव्हती.
तिच्यावर मार्जिन बरं आहे.
हे त्यांना सांगितलं नाही, इथं लिहिते.

मग मी सांगायला लागले:
काका, धातू आणि हे औषध पोटात एकमेकांना धरतात,
सुटत नाहीत,
दोघंही रक्तात न शिरता
जसे आले तसे बाहेर.
कराडच्या कॉलेजात सरांनी फळ्यावर
खेकड्याची नांगी काढली होती, ती आठवली.
मी बोटांची नांगी करून दाखवली.
ते नुसते बघत राहिले.

"म्हंजे मीठ टाकल्यावानी?"

कसलं मीठ?

"अगं, दागिना तेजाबात घातला की
सोनं ऱ्हातंय, चांदी इरघळती.
पानी कसं निवळ. आत चांदी हाय
म्हनून कुनाला सांगून पटायचं न्हाई.
मग मूठभर मीठ टाकायचं.
चांदी फाटती, नासक्या दुधावानी,
आन् बसती तळाला.
वरचं पानी किती बी गाळ मग,
चांदीचा कन न्हाई त्यात."

मी फार्मसीची चार वर्षं
काउंटरवर खाली ठेवली.
हो काका. तसंच.

ते बोटांवर काहीतरी मोजत होते.
"चार पट्ट्या. चार पट्ट्या तळाला बसल्या माझ्या."
आणि हसले,
तापानं सुकलेल्या ओठांनी.

डॉक्टरांना फोन लावला.
पलीकडं बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता.
मग म्हणाले, बाटली बंद करा, दूधपण नको गोळीबरोबर,
पाच दिवस बघू, मग सुईचं.
मी पाकिटावर लिहिलं.
काकांनी ते दोनदा वाचलं,
भट्टीचा हिशोब वाचावा तसं,
आणि विचारलं, "आन् ताक?"
ताकपण नको, बरोबर नको.
"मग जगायचं कशावर," म्हणाले.

रात्री शटर ओढताना
मला पाकिटं आठवायला लागली.
बाळंतिणींच्या लोहाच्या गोळ्या, म्हाताऱ्यांचं कॅल्शियम,
मुलानं पुण्याहून पाठवलेले डबे,
त्यातच एखादी अशी पट्टी,
आणि मी वर लिहिलेलं: जेवणानंतर, दुधाबरोबर.
किती तापांना आम्ही हट्टी म्हटलं.
किती जणांना पुढचं, महागडं औषध दिलं
आणि आधीचं नुसतं फाटून
तळाला बसलेलं होतं.

सहाव्या दिवशी काका आले. ताप नव्हता.
संध्याकाळच्या गाडीचं तिकीट खिशात.
"बाटली घिऊन जाऊ का गं? ताकद तर लागतीच."
गोळ्यांचा कोर्स संपू दे पुरा, म्हटलं,
आणि तेव्हाही डॉक्टरांना विचारून.
बाटली त्यांनी काउंटरवरच ठेवली, निम्मी भरलेली.
परत मागणार नाहीत, मला माहीत होतं.
पैसेही मागितले नाहीत. त्याची जास्त लाज वाटली.

आता मी प्रत्येकाला विचारते,
आणखी काय काय घेता?
रांग वाढते, मागचे कुरकुरतात.
त्या महिन्यात ताकदीच्या बाटल्या
अकरा कमी खपल्या.
मालकांनी वही पुढं करून विचारलं, का गं?

लग्नसराई आहे, म्हटलं,
लोकांकडं पैसा कुठाय.